नऊ बोल्टांचा गत्ता

केळीचा चीक कपड्यावर पडला की जन्मात निघत नाही. ग्रीस निघतं.

बऱ्हाणपुरात लाइट गेली की यंत्रमाग थांबतात, आणि मागांचा खडखडाट थांबला की पाळण्यातली पोरं दचकून उठतात.

सुधाकरमामा गाड्यांना गावाच्या नावानं हाक मारतात. "जैनाबाद धुतली का? निंबोला खोलली का?"

विनायक पेंटरचा लाल रंग उन्हात विटत नाही.

"वा रे पठ्ठे!" गणपतीपासून आजपर्यंत गोटूला अकरा वेळा. रश्मीला दोन वेळा, त्यातली एक चहा चांगला झाला म्हणून.

बिस्किटांच्या खोक्याचा एक गत्ता. त्याला नऊ भोकं.

वरच्या फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोखंडी पेटी.

आठचा पाना

ही सारी अडगळ एकाच डोक्यात साठलेली होती, आणि ते डोकं होतं रश्मीचं. वय सतरा. सकाळी आयटीआय, मोटार मेकॅनिकचा ट्रेड, वर्गात सव्वीस पोरं आणि ही एकटी मुलगी. दुपारी मामाचं गॅरेज. वडील वीज कंपनीत बाबू, आई निर्मला शाळेत शिक्षिका. घरात कुणाच्या नखाला कधी काळं लागलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती जेवताना म्हणाली, "मला गाड्या दुरुस्त करायच्यात," तेव्हा वडिलांनी घास हातातच धरून विचारलं होतं, "म्हणजे कंपनीत? इंजिनिअर?"

"नाही. गॅरेजात. स्वतःच्या."

घरात आठ दिवस अबोला. मग आईनंच तोड काढली. "माझ्या भावाकडे जाईल. परक्याकडे तर नाही ना? चार दिवस तेलात हात घालू द्या, उतरेल भूत."

भूत उतरलं नाही. रश्मीच्या वहीच्या शेवटच्या पानावर दुकानाची पाटी काढलेली होती. 'रश्मी ऑटो', आणि खाली बारीक अक्षरात, 'इंजिनकामाची खात्री'.

मामाकडची रीत साधी होती. पहिली दोन वर्षं धुवायचं, पुसायचं, पंक्चर काढायचं, ब्रेक आवळायचे. मग एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला, मामा इंजिन बांधायला देणार. बांधायचं म्हणजे खोललेलं सगळं पुन्हा जोडून गाडी चालू करून दाखवायची. ते जमलं की दसऱ्याला मामा पाना-पकडीची भरलेली पेटी देणार, वर नाव रंगवून. त्या दिवसापासून मिस्त्री. सुधाकर उस्तादच्या हाताखालून असे चार मिस्त्री बाहेर पडले होते, आणि चौघांच्याही दुकानात ती पेटी देवाच्या फोटोखाली ठेवलेली होती.

रश्मीची दोन वर्षं यंदा भरत होती. यंदाचा दसरा तिचाच. त्यात विचारायचं काय?

आणि होळीनंतर गोटू आला.

दहाचा पाना

डोईफोडिया गावचा. सोळा वर्षांचा, दहावी नापास, एका कानात चांदीची बाळी. गॅस्केटला 'गसकिट' म्हणायचा. पहिल्या दिवशी रश्मीनं त्याला पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लच सगळं वहीत काढून दाखवलं. तो शहाण्यासारखा ऐकत बसला आणि शेवटी म्हणाला, "ताई, तुमाले लई येते." तेव्हा तो तिला आवडलाच होता.

आठवडाभरानं दोघं बाकड्यावर चहा पीत होते. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली. गोटूनं मान वरही केली नाही. बिस्कीट बुडवता बुडवता म्हणाला, "हिची टायमिंग चैन ढिली पडून राहिली."

"तुला काय दिसलं रे?"

"दिसलं नाही. बोलली न ती."

"गाडी बोलली! अन् काय म्हणाली? राम राम?"

तिसऱ्या दिवशी तीच गाडी मालकानं ढकलत ढकलत गॅरेजात आणली. मामांनी खोलली. चैन ढिली होती.

"वा रे पठ्ठे!" मामा म्हणाले, आणि ग्रीसचा हात त्याच्या पाठीवर असा मारला की शर्टावर पाच बोटं उठली. गोटूनं तो शर्ट पुढं आठवडाभर घातला. मुद्दाम, असं रश्मीला वाटलं.

त्याच संध्याकाळी तिनं चालू इंजिनाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि मूठ कानाला लावली, मिस्त्री लोक लावतात तशी. आत काय वाजतं ते तसं ऐकू येतं. तिला माग ऐकू आले. खट-खट, खट-खट. तिचं घर मागांच्या गल्लीत. जन्मापासून तोच आवाज कानात भरलेला. आता त्यात दुसऱ्या कशाला जागा कुठून असणार? ती मागांवर चिडली. त्या गल्लीत घर घेणाऱ्या वडिलांवर चिडली. डोईफोडियाला माग नाहीत, नुसतं जंगल आहे, म्हणून तिथल्या पोराचे कान कोरे राहिले, यावरही चिडली.

मत्सर काही एका काडीत पेटत नाही. किक मारत राहावी, ठिणगी पडत नाही, आणि आत पेट्रोल साचत जातं, तसा तो साचतो. गोटूनं बघितल्याशिवाय बरोबर मापाचा पाना उचलला, थोडं साचलं. गिऱ्हाईक आलं आणि तिच्यावरून नजर पुढं नेऊन "तो पोरगा कुठंय?" म्हणालं, थोडं आणखी. मामा जेवणाचा डबा उघडून म्हणाले, "गोटू, ये रे, वांग्याची भाजी आहे," आणि मग आठवण झाल्यासारखं, "रश्मी, तू पण." त्या 'पण'नं तर टाकी भरली. आयटीआयच्या परीक्षेत ती पहिली आली होती. तो निकाल तिनं मामांना दाखवला, तेव्हा मामा म्हणाले, "छान. तो बारा-तेराचा पाना दे इकडं."

बाराचा पाना

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती आयटीआयहून येत होती. शनवारा चौकाच्या कोपऱ्यावर विनायक पेंटरच्या दुकानापुढं मामांची स्कूटर उभी. मामांच्या हातात नवी कोरी निळी लोखंडी पेटी. विनायक कानावरचा ब्रश काढत काहीतरी विचारत होता, आणि मामा बोटानं हवेत अक्षरं काढून दाखवत होते.

ती थांबली नाही. थांबली असती तर दिसलं असतं. पण काय दिसेल याचीच भीती होती.

दुसऱ्या दिवशी पेटी वर्तमानपत्रात गुंडाळून वरच्या फळीवर होती.

"मामा, पेटी कुणाची?"

"कळेल दसऱ्याला. आतापासून काय घाई?" असं म्हणताना मामांनी गोटूकडं बघितलं आणि हसले. गोटूही हसला.

झालं. नाव रंगवून पेटी तयार होती. आता परीक्षा होईल ती नुसती देखाव्याची.

अष्टमीला निंबोल्याचे धर्मेंद्रभाऊ आले. केळीवाले, गाडीच्या टाकीवरसुद्धा चिकाचे काळे डाग. गाडी धूर सोडत होती आणि आतून ठोकत होती. "उस्ताद, काही करा. दसऱ्याला सासुरवाडीला जायचंय. बैलगाडीनं गेलो तर साला मला वर्षभर हसेल."

"इंजिन खोलावं लागेल."

"खोला. पण बांधूनपण द्या!"

मामांनी काम वाटून दिलं. वरचा भाग रश्मीनं खोलायचा, क्लचची बाजू गोटूनं. आणि दोघांनी आपापले गत्ते लावायचे.

हे गत्त्याचं सांगायला हवं. इतर गॅरेजांत खोललेले बोल्ट ताटलीत टाकतात. मामांकडं ताटली नाही. खोक्याचा गत्ता, म्हणजे जाड पुठ्ठा, घ्यायचा, त्यावर झाकणाचा आकार पेनानं काढायचा, झाकणाला जिथं भोक तिथं गत्त्याला भोक, आणि तिथला बोल्ट तिथंच खोचायचा. कारण सगळे बोल्ट सारखे नसतात. क्लचच्या झाकणाला नऊ. सात आखूड, दोन लांब. वरून डोकी अगदी जुळी. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर बुडाशी टेकतो, आणि टेकल्यावरही पाना ओढत राहिलात तर ॲल्युमिनियमचं केसिंग, म्हणजे इंजिनाचं कवच, तडकतं. "बोल्ट गत्त्यावर, अन् गत्ता डोक्यात," मामा म्हणायचे.

संध्याकाळी मामा देवीच्या आरतीला गेले. गोटू नळावर हात धूत होता. गोटूचा गत्ता बाकड्यावर होता.

रश्मीनं गत्त्याला हात लावला नाही.

रश्मीनं गत्ता फक्त सरळ केला, वाकडा होता म्हणून.

रश्मीनं डाव्या कोपऱ्यातला लांब बोल्ट उपसला, आकार बघायला.

रश्मीनं त्याच्या जागी शेजारचा आखूड खोचला आणि आखुडाच्या जागी लांब.

वरून बघितलं. नऊ डोकी, नऊही जुळी. उद्या गोटू सगळ्यांसमोर क्लच बांधेल आणि मामांना कळेल की कानानं नुसतं ऐकू येतं, इंजिन बांधता येत नाही. एवढंच व्हायला हवं होतं. गाडीचं काही होईल, हा विचार तिला शिवलाही नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "आज बरी हसते आहेस," आणि तिनं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

चौदाचा पाना

नवमी. सकाळी साडेनऊ. समोरच्या गल्लीत माग चालू. मामांनी बाकडं पुसलं, उदबत्ती लावली, आणि म्हणाले, "हां. आता माझ्या उस्तादची रीत. ज्यानं खोललं त्यानं बांधायचं नाही. स्वतःचं उकललेलं कुणीही जोडतो. दुसऱ्यानं खोललेलं बांधलं तो मिस्त्री. गोटू, वरचा भाग तुझा. रश्मी, क्लच."

रश्मीची नजर गत्त्यावर गेली. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

पण ती काही खुळी नव्हती. अदलाबदल तिनंच केली होती. ती उलटवायची, की सगळं जागच्या जागी. मामा नवी गॅस्केट आणायला आतल्या खोलीत गेले. गोटू पाठमोरा पिस्टन पुसत होता. तिनं डोळे आतल्या दारावर ठेवले आणि काहीतरी चोरून घ्यावं तसे दोन्ही हात गत्त्यावर नेले. डाव्या कोपऱ्यातला काढला, शेजारचा काढला, एकाच्या जागी दुसरा. बघितलं नाही. बघायला वेळ नव्हता, आणि गरज तरी काय होती?

मामा आले. तिनं काम सुरू केलं, आणि कामात ती खरंच चांगली होती. क्लचच्या प्लेटा तेलात बुडवून एकेक बसवल्या. झाकणाखालची कागदी गॅस्केट सुरकुती न पडता लावली. झाकण टेकवलं. मामा शेजारी स्टुलावर बसून बघत होते आणि त्यांच्या ओठांवर ते 'वा' आलेलं तिला दिसत होतं. आता निघेल. आता निघेल.

नऊ बोल्ट हातानं फिरवून लावले. डाव्या कोपऱ्याशेजारचा बोल्ट बाकीच्यांपेक्षा जरा वर राहिला. बोटाला ते कळलं. बोट म्हणालं, हा वर का? ती बोटाला म्हणाली, नवी गॅस्केट आहे, पाना फिरला की बसेल.

पाना लावला.

"ताई, थांबा," मागून गोटू म्हणाला. पिस्टन हातात धरून तो उभा होता, मान एका बाजूला कलती. "तो कण्हून राहिला."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोल्टसुद्धा याच्याशीच बोलणार! माझ्या हातातला, माझ्या पान्याखालचा!

"तू तुझं बघ," ती म्हणाली, आणि पाना आणखी पाव फेरा ओढला.

कट्.

समोर माग खडखडत होते, रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजत होता, आणि या सगळ्यातून तो बारीकसा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला इंजिन बोललेलं ऐकू आलं होतं.

केसिंगवर केसाएवढी चीर. तिच्यातून तेलाचा थेंब हळूच डोकावला.

मामांनी बोल्ट उलटा फिरवून काढला, उजेडात धरला. "लांब. इथं लांब कसा?"

मामांनी रिकामा गत्ता उचलला.

"हा गत्ता लावला कुणी?"

"म्या," गोटू म्हणाला.

"दोन बोल्ट सांभाळता येत नाहीत तुला? सात महिने काय माश्या मारल्या इथं? त्या धर्मेंद्रला काय दाखवू, तुझं थोबाड?"

गोटूनं मान खाली घातली. त्यानं रश्मीकडं बघितलं नाही. कुणी मुद्दाम बघत नाही ते कळतं.

इथं तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिला वाटलं, हेसुद्धा याला येतं. शिव्या खाऊन उभं राहायचं, तेही माझ्यापेक्षा चांगलं. आता उद्या मामांना खरं कळेल आणि त्याचा मोठेपणा गावभर होईल. तेवढं तरी ती त्याला मिळू देणार नव्हती.

"मी बदलले," ती म्हणाली.

"काय बदललं?"

"बोल्ट. काल एकदा बदलले. आज परत उलटे लावले, जागेवर."

मामांच्या कपाळावर आठी. "दोनदा बदलले तर जागेवरच यायला पाहिजेत ना?"

"मधात मी बी बदलले, उस्ताद," गोटू खालच्या आवाजात म्हणाला. "सकाळी झाडू मारताना गत्ता उचलला, तर लांबाचं टोक खालून भलत्या जागी हाताले लागलं. मले वाटलं, मांजरीनं पाडला असंल अन् ताईनं घाईत उचलून लावला असंल. नीट करून ठेवला. सांगाचं काय त्याच्यात?"

मामा स्टुलावर बसले. तो बोल्ट चिमटीत फिरवत राहिले.

"का गं?"

 रश्मीची नजर आपोआप वरच्या फळीकडं गेली. मामांनी तिच्या नजरेमागं नजर नेली, पेटीपर्यंत.  मग उठून नळावर गेले आणि स्वच्छ असलेले हात साबणानं धूत बसले.

सतराचा पाना

धर्मेंद्रभाऊ मामांची स्कूटर घेऊन सासुरवाडीला गेले. जाताना म्हणाले, "बैलगाडी बरी होती, उस्ताद." केसिंग दसऱ्यानंतर वेल्डिंगवाल्याकडं जायचं होतं. गोटूनं बांधायचा वरचा भाग फडक्याखाली झाकलेला.

रश्मीला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. ये असंही नाही. ती आली. दसऱ्याला गॅरेजात काम नसतं, पण हत्यारं धुवायची असतात. तिनं आठपासून सतरापर्यंत सगळे पाने रॉकेलमध्ये घासले, पुसले, लाल कपड्यावर मापानं लावले. मामांनी हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवले, नारळ फोडला. तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. 

पेटी फळीवरून उतरली नाही.

दुपारी गोटू आपट्याची पानं घेऊन आला. "घ्या ताई, सोनं."

तिनं घेतलं. "तुझं खरं नाव काय रे? शाळेतलं?"

"चंदन. का?"

चंदन. तीन अक्षरं. लाल रंगात, निळ्या पेटीवर छान दिसतील. विनायक पेंटर 'द'ला शेपूट लांब काढतो.  एवढं सगळं होऊनही आतली टाकी जराही रिकामी झाली नव्हती.

"पेटी दिवाळीला देतील तुला," ती म्हणाली.

"मले?" गोटू हसला. "माही दोन वर्षं कुठी झाली अजून?"

खोटारडा, ती मनात म्हणाली. सगळं ठाऊक आहे याला. समोरच्या गल्लीत आज मागही बंद होते. इतकी शांतता की फळीवरच्या वर्तमानपत्राचा सुटलेला कोपरा वाऱ्यानं फडफडत होता, तेही ऐकू येत होतं. ती मान वर करून तिकडं बघत राहिली. शेवटी उठून तिनं तो कोपरा नीट दुमडून आत खोचला, आतलं काही दिसू नये म्हणून.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी विनायक पेंटरनं त्या पेटीवर 'रश्मी' असं लिहिलं होतं.